वाटा

व्हिसावर लिहिलं होतं: पाइप फिटर.
सित्र्याच्या कारखान्यात समुद्राचं मीठ वेगळं काढायचा
बावतीस डाबरे, गाव भुईगाव, तालुका वसई.
आठ जणांच्या आमच्या खोलीत
वरच्या बंकवर त्याची गिटार झोपायची,
तो खाली, सतरंजीवर.

तारांना बहरीनची हवा सोसत नसे.
ऑगस्टात तर पंधरा दिवसांत गंज.
तो त्यांना टाल्कम पावडर लावायचा,
तान्ह्या पोराच्या मानेला लावतात तशी,
आणि सगळे हसायचे.
पावडर माझी होती, म्हणून मी जरा कमी.

गुरुवारी रात्री जुफैरच्या एका हॉटेलात
सहा दिनार आणि एक जेवण.
समोर अमेरिकन खलाशी, टेबलावर पाय.
त्यांच्यातल्याच एका थोराड काळ्या आचाऱ्यानं
तारेवरून काच सरकवायला शिकवलं त्याला
आणि पुढच्या बोटीनं तो निघूनही गेला.
काच फुटली. बावतीसनं मग
कारखान्यातला पितळी तुकडा, पाऊण इंची,
करंगळीत घातला.
तेव्हापासून सूर निघायचा
माणूस रडण्याआधी घसा खाकरतो तसा.

पहिली ओळ दोनदा म्हणायची, ही त्या गाण्याची रीत.
विचारलं, दोनदा का रे?
म्हणाला, पहिल्यांदा आपण सांगतो.
दुसऱ्यांदा आपल्याला ऐकू येतं.

समुद्रातलं मीठ काढतो मी, महिन्याला नव्वद दिनार
समुद्रातलं मीठ काढतो मी, महिन्याला नव्वद दिनार
अंगात साचलं मीठ, त्याला कुठून आणू कामगार?

शहाण्णव साली कॅसेट निघाली. तीनशे प्रती.
बाब-अल-बहरीनपाशी एका मलबारी दुकानात
अत्तर आणि बॅटऱ्यांच्या मधोमध ठेवलेल्या.
एकशे बारा खपल्या.
त्यांतल्या सतरा मी घेतल्या,
हे त्याला अजून ठाऊक नाही.
एक गावी पाठवली, तर सेसिलनं तीच परत धाडली:
दीड गाणं होतं, पुढं सगळं पुसलेलं,
मुलगा सतराचा पाढा म्हणतोय,
तेराव्यावर अडखळतोय,
मागं कोंबडा.
स्वतःच्या गाण्यांहून ती बाजू त्यानं जास्त ऐकली.

मग मुहर्रकचा तो म्हातारा, बू मुबारक.
फाटका पंखा दुरुस्त करायला बोलावलं होतं
आणि चहावर चहा होत दिवस बुडाला.
त्याचा बाप मोत्यांच्या गलबतावर गायचा.
बुडी नाही, दोर नाही, वल्ह्याला हात नाही,
फक्त गायचा. चार महिने.
किनाऱ्याला लागल्यावर मोती मोजले जायचे
आणि गाणाऱ्यालाही वाटा असायचा.
हे सांगून म्हाताऱ्यानं डोळे मिटले,
पोटातून एक घुमारा काढला,
रिकाम्या माठात तोंड घालून कुणी बोलावं तसा.
कपातला चहा हलला. मी पाहिला.

त्या रात्री बावतीसनं सगळ्यात जाड तार सैल केली
आणि पुन्हा कधी ताणली नाही.
हॉटेलवाला म्हणाला, गिऱ्हाईक जांभया देतंय.
जानेवारीत त्यानं फिलिपिनो बँड आणला.

त्यानंतर अकरा वर्षं तो आमच्या गच्चीवर गायला.
पाण्याच्या टाकीला पाठ लावून.
ऐकायला मी, वाळत घातलेले डांगऱ्या,
आणि समोरच्या इमारतीतली एक बाई,
जी दिवा विझवायची, पण खिडकी लावायची नाही.

शेवटी हिशेब झाला. चोवीस वर्षं.
रजा, तिकीट, ग्रॅच्युइटी,
अंगठ्याला शाई.
गाण्याचा रकाना नव्हता. त्यानं मागितलाही नव्हता.

बसपाशी बू मुबारकचा नातू धावत आला.
पाकिटात वीस दिनार
आणि बिस्किटाच्या कागदावर अरबीत एकच शब्द.
ड्रायव्हरनं चष्मा चढवून वाचला: वाटा.

बावतीसनं नोटा मोजल्या नाहीत.
बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे वळून,
तुझ्या पावडरचे किती झाले रे?

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
आकडा सांगायचा राहून गेला.